उजव्या मागच्या चाकाचा आवाज

महादेवभाऊ, परवा तुमच्या घरी येताना मी सवयीप्रमाणे मागच्या चाकावरच्या बाकावर जाऊन बसले. बस जवळजवळ रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, पुढं बसा ना, मांगं लय दणके बसतात." मी म्हटलं, असू द्या. मेहकर मागे पडेपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं, की डाव्या अंगाचं टायर एकीकडून झिजलंय आणि गाडी उचलताना खालच्या लांब दांड्याचा सांधा 'ठक्' करतोय. खामगावला उतरून मी ते ड्रायव्हरला सांगितलंसुद्धा. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, विडी फेकली आणि निघून गेला. तुम्ही असता तर हसता हसता तुम्हाला ठसका लागला असता. आणि मग एकदम लक्षात आलं, आपण चाललोय ते तुमच्याच तेरवीला.

तुमच्या भावाचं पोस्टकार्ड माझ्या जुन्या पत्त्यावर फिरून इथे डोणगावला उशिरा आलं. झोपेतच गेलात म्हणे. कुणाला त्रास नाही, कुणाकडून पाणी मागणं नाही. तुमचं सगळं असंच.

आज रजा घेतली आहे. सकाळी चहा प्यायले आणि लिहायला बसले. तुमचा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षांची, हे तुमच्या भावाला विचारून कुणीही लिहील. मला एकच गोष्ट सांगायची आहे. राजूर घाटाच्या पायथ्याशी तुम्ही मला विचारलं होतंत, "बाई, मांगं काही वाजते काय?" मी 'नाही' म्हणाले होते. ते खोटं होतं, भाऊ. आवाज येत होता. या गोष्टीला सात वर्षं झाली. एवढं एक वाक्य तुमच्यासमोर बोलायला मला सात वर्षं पुरली नाहीत, आणि आता तुम्ही नाही आहात.

माझी तुम्हाला पहिली आठवण कुठली असेल कोण जाणे. मला तुमची आहे ती तुमच्या पायांची. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मीही नुकतीच नर्स झाले होते, आणि पुण्याहून दोन दिवसांचा प्रवास करून ट्रंक घेऊन आपल्या दवाखान्याच्या दारात उभी होते. समोर पांढरी व्हॅन, आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. मी विचारलं, "दवाखाना हाच का?" पाय म्हणाले, "हाच. थो पाना द्या बरं इकडं." मी पाना दिला. पुढची चार वर्षं देतच राहिले.

ती गाडी लढाईच्या वेळची, लिलावात घेतलेली. वरून पांढरा रंग दिलेला, पण दाराच्या कडेला खरचटलं की आतून लष्करी हिरवा दिसायचा. इंजिन आतच, तुमच्या डाव्या गुडघ्यापाशी, पत्र्याच्या पेटीखाली गर्जत असायचं. मधे फळ्यांची भिंत, तिला हातभर खिडकी. मागे दोन लांब बाक. उजव्या बाकाखाली मागचं उजवं चाक, आणि त्या बाकावर मी, लशींची पेटी मांडीवर घेऊन. त्या इंजिनाच्या गलक्यात तुम्हाला गाडीचा मागचा अर्धा भाग ऐकूच यायचा नाही. तुम्ही बोटाच्या पेरानं फळीवर दोनदा वाजवायचा आणि विचारायचा, "बाई, मांगं काही वाजते काय?" माझ्याआधी तिथे कंपाउंडर बसायचे, ते घोरायचे, असं तुम्ही म्हणायचा. "थ्याइच्या घोरन्यानं मले चाकाचा आवाज कधी आलाच नाई."

पहिले काही महिने मी चिडून म्हणायचे, "सगळंच वाजतंय. काय वाजत नाही ते विचारा." तुम्ही गाडी उभी करून मागे आलात, कमरेवर हात ठेवलेत आणि म्हणालात, "बाई, पोटात दुखते म्हनून बाई आली, तं तुमी तिले इचारता ना कोठी दुखते, कसं दुखते, दाबल्यावर वाढते का कमी होते? मंग गाडीले काऊन इचारत नाई?" पुण्याच्या बाईला उत्तर सुचू नये, ही गोष्ट तुम्ही आठवडाभर बाजारात सांगत होतात.

मग तुम्ही शिकवायला लागलात. रस्ता बदलला की बदलतो तो आवाज टायरचा, त्याची फिकीर नाही. गाडी उचलताना एकदाच 'ठक्' होतं ते लांब दांड्याच्या सांध्याचं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर वाढतो आणि पाय काढल्यावर सूर बदलतो, तो मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या मोठ्या गोळ्यातल्या दातांचा. आणि वळणावर बदलतो तो चाकातल्या बेरिंगचा. "डाव्या वळनाले गाडीचा भार उजव्या चाकावर येते. तवा आवाज वाढला तं उजवं चाक बोलून राह्यलं समजा." बेरिंगच्या आवाजाच्याही दोन जाती तुम्ही मला सांगितल्यात. भुंग्यासारखं गुणगुणतं, ते म्हातारं झालंय, पण चालेल. कुरकुरायला लागलं की मात्र उभं करायचं. "मंग मांगं राजा बसला असो का राजाची राणी."

मी ते पाठ केलं. नर्सिंगच्या परीक्षेला केलं नव्हतं इतकं.

आणि माझी ती लाकडी नळी! पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची, एका टोकाला रुंद तोंड असलेली. एक दिवस तुम्ही चाक जॅकवर चढवून ठेवलं होतंत आणि आपला वाद चालला होता. तुमचं म्हणणं, आवाज मधल्या गोळ्याचा. माझं म्हणणं, उजव्या चाकाचा. त्याआधी आपण दवाखान्यामागच्या मैदानात गाडीनं आठाचे आकडे काढले होते आणि धुळीनं माझं पातळ लाल झालं होतं. तरी तुम्ही ऐकेनात. "बाई, तुमची थे पोंगळी देजा जरा," म्हणालात, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत ती चाकाच्या मध्यावर लावून कान टेकवलात. मी चाक फिरवत होते. मग नळी गोळ्याला लावलीत. मग परत चाकाला. तुमचा चेहरा उतरला. "बाई जितल्या," म्हणालात. मी जिंकले खरी, पण त्या नळीवरचं ग्रीस पुढे कितीदा उकळत्या पाण्यातून काढलं तरी वास गेला नाही. त्याबद्दल मी तुमच्याशी चार दिवस अबोला धरला होता.

चाक खोललंत तेव्हा बेरिंगच्या गोळ्यांवर बारीक बारीक खड्डे पडलेले. तुम्ही मला हाक मारलीत, "बाई, या, लस घेऊन या! बेरिंगीले देवी आल्या!" अबोला तिथे मोडला. त्या आठवड्यात भेटेल त्याला तुम्ही सांगत होतात, "आपल्या गाडीले आता मांगं कान हायेत. पुन्याचे हायेत, पन चांगले हायेत." कुणी माझ्याबद्दल असा अभिमान बाळगावा, याची मला सवय नव्हती, भाऊ. माझे वडील मी लहान असताना गेले. आईनं मला वाढवलं ते काळजी करत करत, कौतुक करायला तिला उसंत नव्हती. तुम्हाला हे कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही 'काही बी' म्हणून विषय बदलला असता.

आपली भांडणं मात्र खरी होती. तुम्ही जरा आवाज आला की थांबायचा. मी म्हणायचे, आधी माणूस, मग गाडी. रोहिणखेडला जुन्या मशिदीजवळ लोक सकाळपासून लस टोचून घ्यायला उभे, आणि आपण वाटेत थांबून मागच्या चाकात टिकटिक काय वाजतंय ते शोधतोय. पाऊण तासानं काय निघालं? टायरच्या खाचेत अडकलेला खडा. आपण पोचलो तोवर निम्मे लोक शेताला निघून गेले होते. आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी दोघांनाही झाडलं. परतताना मी खिडकीतून ओरडले, "तुमचा जीव माणसांपेक्षा या पत्र्यात जास्त आहे!" तुम्ही मागे वळून न बघता म्हणालात, "बाई, गाडी उभी राह्यली तं मानूस उशिरा पोचते. गाडी मोडली तं पोचतच नाई." मी म्हटलं, तुमचं तत्त्वज्ञान तुमच्यापाशी ठेवा. हे भांडण आपलं मिटलंच नाही, कारण आठ दिवसांनी त्याच रोहिणखेडहून आपण शेवंताला घेऊन निघालो.

शेवंताचं दुसरं बाळंतपण. पहाटेपासून कळा, बाळ आडवं. आपल्याकडे काही करता येण्यासारखं नव्हतं, थेट बुलढाण्याला न्यायचं ठरलं. दुपारचे दोन वाजले असतील. बाकावर शेवंता, तिच्या उशाशी सासू, आणि खाली गाडीच्या तळावर गुडघे टेकून मी. निघण्याआधी तुम्ही चारी चाकांना हात लावून आलात. उजवं मागचं चाक तीन-चार दिवसांपासून भुंग्यासारखं गुणगुणत होतं, ते तुम्हालाही माहीत होतं, मलाही. नवी बेरिंग मागवली होती, आली नव्हती. "भुंगा हाये तोवर चालन," तुम्ही म्हणालात, "पन बाई, ध्यान ठेवजा."

मी ध्यान ठेवलं, भाऊ. मोताळा सोडल्यावर आवाज बदलला. आधी मला वाटलं रस्त्यावरची खडी असेल. डांबरी रस्ता लागला तरी गेला नाही. तुम्ही पाय काढलात, दाबलात, त्याचा सूर तोच राहिला. डाव्या वळणावर वाढला, उजव्या वळणावर उतरला. सगळं तुम्ही सांगितल्याबरहुकूम. भुंगा गेला होता आणि खालून कुरकुर येत होती, मधे एखादा बारीक झटका. माझे गुडघे त्या चाकाच्या अगदी लगत होते. मला ती हाडांत जाणवत होती.

आणि त्याच वेळी मी शेवंताच्या पोटाला नळी लावून ठोके मोजत होते. रोहिणखेडला होते तसे ते राहिले नव्हते. मंदावत चालले होते. कळ आली की थांबल्यासारखे व्हायचे आणि मग पुन्हा, जड जड, सुरू व्हायचे.

राजूर आलं. पुढे घाट. तुम्ही गाडी हळू केलीत आणि फळीवर दोनदा वाजवलंत.

"बाई, मांगं काही वाजते काय? घाट लागून राह्यला."

माझ्या डोळ्यांसमोर तो टायरमधला खडा आला. पाऊण तास आला. डॉक्टरसाहेबांचा चढलेला आवाज आला. तुम्ही जॅक काढणार, चाक उचलणार, हलवून बघणार. आणि इथे एवढासा जीव. बुलढाणा किती राहिलं होतं? घाट चढला की झालं. चार दिवस चाललेलं चाक अर्धा तास चालणार नाही?

"नाही," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"नक्की. चला हो तुम्ही, बोलत काय बसलात?"

तुम्ही गियर टाकलात.

तिसऱ्या वळणाच्या वर ते झालं. मोठा कडाका झाला, गाडीचा मागचा उजवा कोपरा खाली बसला, आणि आतल्या आसाच्या तुकड्यासकट चाक हातभर बाहेर आलं. मग गाडी मागे घसरायला लागली. सासू देवाचं नाव घेत होती. मी शेवंतावर आडवी पडले होते. खिडकीतून मला तुमचे हात दिसत होते, स्टिअरिंगवर उलटसुलट पडणारे. एका बाजूला दरी होती. तुम्ही ती तीन चाकांची गाडी डोंगराच्या अंगाला, नालीत घातलीत. खिळ्यासारखी तिथे रुतली. चौघांचे जीव तुम्ही वाचवलेत त्या दिवशी, पण पुढे कुणी तुम्हाला त्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

तासाभरानं रिकाम्या बारदानाची एक ट्रक वर जाताना थांबली. पोत्यांवर शेवंताला निजवलं. तुम्ही तिला उचलताना म्हणालात, "पोरी, घाबरू नको, आता पोचतेच." ट्रकमध्ये वाऱ्याचा आवाज फार होता. मी नळी पोटाला घट्ट दाबून धरली. या कानानं ऐकलं, त्या कानानं ऐकलं. सासूनं विचारलं, "हाये ना वं बाई?" मी म्हटलं, "वाऱ्यानं ऐकू येत नाही." त्या दिवसातलं माझं दुसरं खोटं.

शेवंता वाचली. बाळ गेलं. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, पोटातच गेलं होतं, केव्हा गेलं ते सांगता येत नाही. मला सांगता येतं. पायथ्याशी ते होतं. तुम्हाला खरं सांगितलं असतं आणि तुम्ही गाडी उभी केली असती तर? राजूरला दुसरं वाहन मिळालं असतं? तीच बारदानाची ट्रक पायथ्याशीच मिळाली असती? का तिथेही तासच गेला असता आणि तिथेही ते गेलंच असतं? सात वर्षं हा हिशोब मी करते आहे आणि तो सुटत नाही. पण तो हिशोब करायचा हक्क तुमचा होता. तुम्ही मला विचारलं होतंत. तो मी तुमच्या हातातून काढून घेतला.

चौकशीला वरून दोन साहेब आले. मी दाराशी उभी होते, माझी पाळी तुमच्यानंतर होती. निघण्याआधी गाडी तपासली होती का? हाव सायेब. आवाज? समोर इंजिन हाये सायेब, मले मांगचं आयकू येत नाई. मग मागे बसलेल्या बाईंना विचारलं होतं का?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही.

"नाई सायेब. इचाराचं राहून गेलं. माही चूक झाली."

माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी मला दोनच गोष्टी विचारल्या, पेशंटची तब्येत आणि निघण्याची वेळ. मी सांगितल्या. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. आई पुण्यात एकटी होती, माझ्यावर अवलंबून होती. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला सांगितली, आताही सांगते आहे. पण खरं कारण एकच, मी भ्याले. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतला आणि तसाच सोडला.

तुमच्या हातची गाडी गेली. तुम्हाला गोदामाच्या राखणीला बसवलं. गाडी डोळ्यांसमोरून जाताना तुम्ही उठून उभे राहायचा, असं मला कुणीतरी सांगितलं. शेवंताच्या सासूनं भर बाजारात तुम्हाला म्हटलं, "माहं लेकरू खाल्लं तुनं," आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, हेही सांगितलं. मी बदली मागून घेतली. माझं खोटं तुम्ही ओळखलंत आणि पोटात घातलंत, असं मी धरून चालले होते. मला वाटायचं, भाऊंनी मला वाचवलं, मोठ्या मनाचा माणूस. म्हणून तुमच्यासमोर यायला लाज वाटायची. पण त्या लाजेत एक आधारही होता, की तुम्हाला ठाऊक आहे, मग मी बोलायची तेवढी गरज नाही.

तीन वर्षांपूर्वी नांदुऱ्याच्या बाजारात भेटलात. तुम्ही नोकरी सोडून भावाबरोबर वांगी विकायला बसला होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून उठलात, हाताला धरून बसवल्यासारखं आग्रहानं पोत्यावर बसवलंत. आईची चौकशी केलीत. आणि मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणालात, "बाई, एक इचारू? थ्या दिवशी घाटाच्या आंधी, वळनावर, काही येगळंच आयकू आलं होतं काय? भुंगाबी नाई, कुरकुरबी नाई, असं? आठवून पाहा बरं."

मला वाटलं, आलं. भाऊ मला कबुली द्यायची वाट करून देताहेत. आणि मी काय केलं? वांगी काय भाव, म्हणून विचारलं. तुम्ही माझ्या पिशवीत निवडून निवडून वांगी घातलीत. पैसे घेतले नाहीत. घरी जाऊन मी ती वांगी शेजारणीला देऊन टाकली.

परवा वडनेरला तुमच्या अंगणात पंगत उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. फळीवरून एक फडक्याचं गाठोडं काढलं आणि माझ्यासमोर सोडलं. आत फुटलेली बेरिंग होती. बाहेरचं कडं चिरलेलं, गोळ्या चेपलेल्या, पण तेल लावून लख्ख ठेवलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "थ्याच गाडीची. घाटातून घेऊन आले होते. रोज घेऊन बसाचे. कानाशी धरून फिरवाचे. कधी पाट्यावर खडे घासून पाह्याचे, कधी मले म्हनत, तू सांग, हा आवाज तुले कसा वाटते. मी म्हनो, मले काय समजते तुमच्या गाडीचं."

"कशासाठी पण?" मी विचारलं.

"म्हनत, बाईले म्या दोनच आवाज सांगतले. थ्या दोन्हीच्या मधातला एखादा असन, थो सांगाचा राहून गेला. थोच वाजला असन, अन् बाईले समजला नाई. बाईले आयकू आलं असतं तं तिनं सांगतलंच असतं, बाई खोटं बोलाची नाई. म्हनून तं सायबाले म्हनले, म्या इचारलंच नाई. म्हनत, शिकवनाऱ्याची चूक शिकनाऱ्यावर काऊन येऊ द्याची?"

तुम्हाला ठाऊक नव्हतं, भाऊ. तुम्ही माझं खोटं पोटात घातलं नव्हतं. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

मी वहिनींना सगळं सांगितलं. तिथेच, जमिनीवर बसून. सांगून झाल्यावर त्यांनी ती बेरिंग फडक्याच्या मधोमध सरकवली. मग म्हणाल्या, "सात वरसं थे घेऊन बसले, बाई. तुमच्या एका सबदानं सुटले असते." मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. त्यांनी फडकं पुन्हा बांधलं, फळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मले सांगून आता काय होते? ज्याले सांगाचं थो गेला. उठा, दोन घास खाऊन जाजा, लांब जाचं हाये तुमाले."

मी जेवले. त्यांनी वाढलं म्हणून जेवले.

म्हणून हे लिहिलं. माफी मागावी असं मनात होतं, पण आता ती मागायलाही तोंड नाही, आणि तुम्ही माफ करून मोकळे झाला असता, म्हणून ती नकोच. तुमचं जे होतं तेवढं परत करते. मधला आवाज असा कुठलाच नव्हता, महादेवभाऊ. ती कुरकुरच होती, उजव्या चाकाची, डाव्या वळणावर वाढणारी, जशी तुम्ही सांगितली होतीत अगदी तशी. मी ती ऐकताक्षणी ओळखली. तुम्ही शिकवण्यात काहीसुद्धा राहून गेलं नव्हतं.